उन्हात पाहिलेला लॅपटॉप

डाबकी रोडवरच्या आमच्या गल्लीत महादेवरावांना न विचारता कोणी काही विकत घेतलं, असं फारसं घडलेलं नाही. बैल तर सोडाच. कूलर, सायकल, शिलाई मशीन, आणि नत्थुजीच्या घरी तर जावईसुद्धा. त्या जावयाला महादेवरावांनी अंगणात दोनदा इकडून तिकडे चालवून पाहिलं होतं म्हणतात. जावई चांगला निघाला, म्हणून त्या गोष्टीवर आता कोणी हसत नाही. म्हणजे फार हसत नाही.

महादेवराव बैलपारखी. पारखी आणि दलाल यांत लोक घोळ करतात, आणि मग महादेवरावांचा पारा चढतो. दलाल दोन्ही बाजूंनी खातो. पारखी घेणाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो आणि खातो ती फक्त भजी. घरची थोडी काळी जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेली, तीवर बायको लीलाबाई घर ओढायच्या आणि हे गृहस्थ बाजार करत फिरायचे. अकोल्याचा गुरांचा बाजार भरला की डोक्याला दुपट्टा गुंडाळून महादेवराव पुढे आणि बैल घेणारा शेतकरी मागे, अशी वरात निघायची. त्यांनी मान डोलावली की बैल घ्यायचा, नाक मुरडलं की घरचा रस्ता धरायचा.

त्यांच्या पारखीच्या दोन गोष्टी साऱ्या बाजाराला ठाऊक होत्या. एक म्हणजे बैल सावलीत पाहायचा नाही. विकणारा सकाळीच जनावराला तेल चोळून आणतो आणि लिंबाखाली बांधतो. सावलीत ते असं चकाकतं की पाहणाऱ्याची अक्कल गहाण पडावी. म्हणून महादेवराव कासरा धरून त्याला भर उन्हात ओढत न्यायचे. उन्हात तेल वेगळं दिसतं आणि कातडं वेगळं दिसतं, हे त्यांचं म्हणणं. दुसरी गोष्ट धन्यासाठी होती. धनी म्हणजे ज्याचा पैसा तो. त्यानं बाजारात तोंड उघडायचं नाही. बैलावर त्याचं मन बसलं हे विकणाऱ्याला कळलं की भाव चढलाच समजा. फारच मन बसलं असेल तर धन्यानं मागून पारख्याची बाही हळूच ओढायची. एवढीच मुभा. पण एकदा बाही ओढली गेली की तो बैल हातचा जाऊ द्यायचा नाही, ही पारख्याची जबाबदारी. महादेवरावांनी जन्मात कोणाची ओढलेली बाही वाया जाऊ दिली नव्हती.

पण बाजारच बसला. कधी पाऊस नाही, कधी कापसाला भाव नाही. कोणी ट्रॅक्टर भाड्यानं सांगू लागला, कोणी शेतच सोडून नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला. जिथं जोड्यांच्या रांगा लागायच्या तिथं बकऱ्या आणि म्हाताऱ्या गाई उरल्या. महादेवराव तरीही बाजाराच्या दिवशी दुपट्टा गुंडाळून जायचे आणि दुपारी परत यायचे. लीलाबाई विचारायच्या, "काय पाह्यलं आज?" हे म्हणायचे, "लोकं पाह्यले."

अशा दिवसांत प्रणालीनं, त्यांच्या एकुलत्या एक पोरीनं, लॅपटॉप घ्यायचं काढलं. महादेवरावांनी त्या दिवशी सकाळी उठून दाढी केली.

प्रणाली कापडावरची नक्षी काढायला शिकलेली. अमरावतीला शिकली, आणि शिकता शिकता गल्लीतल्या झाडून साऱ्या नवऱ्या मुलींच्या हातांवर मेंदी काढून तिनं स्वतःचे पैसे साठवले. नांदगाव पेठेच्या एका कारखान्यात नक्षीकामाची एक जागा निघाली होती. तिथल्या सबीहा मॅडमनी तिला सांगितलं होतं, घरून नमुना करून पाठव, आम्ही तो कापडावर छापून पाहू, जमला तर जागा तुझी. घरापासून दोन-अडीच तासांवर, आपल्याच मुलखात, हाताला आवडेल ते काम. अशी जागा त्या साली पोरापोरींना स्वप्नात येत नव्हती.

अमरावतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडल्यावर प्रणाली म्हणाली, "बाबा, सबीहा मॅडम म्हणून राहिल्या होत्या का पडद्यावर जो रंग दिसते, तोच कपड्यावर आला पायजे. बाकी काही कमीजास्त असलं तरी चालते."

"रंग!" महादेवराव खिडकीबाहेर पाहून हसले. "रंग पाहून बैल घेते काय कोणी? रंग पाहनारा मानूस पयले फसते वं माय. मी हाओ ना. तू फक्त..."

"तोंड उघडायचं नाई. मालूम हाये."

"अन् लयच मनात भरलं तर?"

"बाही ओढायची." प्रणाली हसली. लहानपणी बाजारातून आलेल्या बापाकडून तिनं हा खेळ शंभरदा ऐकला होता.

दुकान राजकमल चौकाजवळ, मोईजचं. मोईज म्हणजे इनायतुल्लाभाईंचा मुलगा, आणि इनायतुल्ला म्हणजे महादेवरावांचा बाजारातला जुना जोडीदार. जोडीदार कसला, समोरचा गडी. हे घेणाऱ्याकडून, ते विकणाऱ्याकडून. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून त्यांनी किती सौदे केले त्याचा हिशेब दोघांकडेही नव्हता. बाजार बसल्यावर इनायतभाई मुलाच्या दुकानात कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले होते आणि एसीची हवा लागते म्हणून मफलर बांधून असत.

"अबे महादेव! जित्ता हायेस?"

"तुले पोचवल्याबिगर कसा जाऊ बे?"

मोईजनं प्रणालीशी फोनवर आधीच बोलून एक लॅपटॉप बाजूला काढून ठेवला होता. त्यानं तो अलगद समोर ठेवला. काय सांगावं, पापडासारखा पातळ. झाकण एका बोटानं उघडलं. आतला पडदा उजळला आणि त्यावर कुठल्याशा बागेतली फुलं दिसू लागली, अशी की पाकळीवरची शीर न् शीर मोजावी. प्रणालीचा श्वास अडकलेला महादेवरावांना ऐकू आला. तेवढ्यानंच ते सावध झाले.

त्यांनी लॅपटॉप उचलला. एका तळहातावर तोलला. "याले खायले देत नाई काय बे मोईज?"

"काका, हलकाच चांगला. पोरीले रोज बसमदून न्या लागन, आना लागन."

महादेवरावांनी बटणांवरून बोट फिरवलं. बाजूला अजून एक जाडजूड लॅपटॉप उघडा होता, त्याच्या उजव्या अंगाला आकड्यांची वेगळी बटणं होती. पातळ्याला ती नव्हती. "याचे तर दातच पुरे आले नाईत. त्याचा पाह्य, जबडा भरलेला हाये." मग त्यांनी पातळ्याच्या अंगाला कान लावला. काही आवाज नाही. जाड्याला लावला, तर आतला पंखा घरघरत होता. "याचा दम आयकू येते. हा तर मेल्यावानी पडला."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून हे पाहत उभी राहिली. मोईज बिचारा हसू दाबून सांगत होता, काका, तो आवाज नसणं हेच चांगलं. काका, हा पडदा पाहा, रंग जसाच्या तसा. काका, नक्षीकामाले हाच लागते. जितका तो सांगे तितकी महादेवरावांची खात्री पटत चालली. विकणारा ज्या अंगाची तारीफ करतो, खोट त्याच अंगात असते, हे त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान.

"इथं सावलीत काय दाखवतं? उन्हात आन."

"काका, लॅपटॉप उन्हात..."

"आन म्हनलं ना."

चैत्राचं ऊन. महादेवराव तो पातळ लॅपटॉप हातावर उघडा धरून फूटपाथवर गेले, मागे प्रणाली, मागे मोईज, मागे ती दोन गिऱ्हाइकं. ऊन पडद्यावर पडलं आणि साऱ्या बागेचा आरसा झाला. फूल नाही, पान नाही. महादेवरावांना त्यात स्वतःचं तोंड, डोक्याचा दुपट्टा आणि मागची पानटपरी दिसली. मग त्यांनी पातळा मोईजच्या हाती दिला आणि जाडा आणायला लावला. त्याचा पडदा तसा मातकटच होता, पण उन्हातही जे काही होतं ते पुसट पुसट दिसत राहिलं.

"पाह्यलं?" महादेवराव जिंकल्यासारखे म्हणाले. "हा उन्हात टिकला."

मोईज कळवळून म्हणाला, "काका, त्याले चकचकीत काच हाये म्हणून. पन घरात बसून काम करताना..."

आणि तेव्हा मागून बाही ओढली गेली. हळूच, पण नीट. महादेवरावांना कळलं. न कळायला काय झालं, सारं आयुष्य त्यांनी त्या एका ओढीवर काढलं होतं. पण चार माणसं जमलेली, कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांचा निकाल ऐकायला उभं होतं. त्यांनी हात जरा झटकला. पोर आहे, चकाकीला भुलली, असं मनाशी म्हटलं. बाही पुन्हा ओढली गेली, या वेळी जोरानं. त्यांनी दोन्ही हात छातीशी बांधून घेतले.

"मोईज," ते म्हणाले, "हा तेल लावलेला माल हाये."

मोईजचा चेहरा उतरला. दुकानाच्या दारात मफलर सोडत इनायतभाई येऊन उभे होते. बाजारात हे वाक्य एखाद्याला म्हणणं म्हणजे त्याच्या साऱ्या घराला चोर म्हणणं, हे त्यांना मोईजपेक्षा जास्त कळत होतं.

"महादेव," ते इतकंच म्हणाले, "पोरीले विचार."

"धनी बाजारात बोलत नसते, तुले मालूम हाये." महादेवरावांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि भाव करायला मोईजच्या हातावर टाकला. मोईजनं तो घडी करून परत दिला. "काका, इथं किंमत डब्यावर छापून येते," तो म्हणाला. हसला नाही.

जाडा लॅपटॉप अकोल्याला आला. गल्लीत पेढे वाटले. महादेवराव जो भेटेल त्याला सांगत होते, दुकानदार पापड गळ्यात बांधत होता, आपण बैल घेऊन आलो. प्रणालीनं तो खिडकीजवळ ठेवला आणि कामाला बसली.

तिनं नक्षी निवडली पऱ्हाटीच्या फुलाची. आमच्याकडं कपाशीला पऱ्हाटीच म्हणतात. हे फूल उमलतं तेव्हा सायीसारखं फिकट पिवळं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मिटता मिटता गुलाबी होत जातं. सारं वऱ्हाड त्या फुलाकडं बोंडाच्या आशेनं पाहतं; फूल म्हणून त्याच्याकडं कोणी पाहिलेलं नाही. ते पिवळ्यातून गुलाबीत जाणं प्रणालीला ओढणीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न्यायचं होतं. सुंदर कल्पना होती. लीलाबाई भाकरी टाकायच्या सोडून मागे उभ्या राहायच्या. "माय वं, वावरच आनलं की घरात." पोरगी मात्र डोळे बारीक करून पडद्याकडं पाहायची. "दिसूनच नाई राहिलं आई, सारंच पांढरं वाटते," म्हणायची, आणि रंग अजून थोडा चढवायची. मग अजून थोडा.

कारखान्यातून छापलेला तुकडा आला तो जेठाच्या उन्हात. घडी उघडली. सायीचं पिवळं कुठंच नव्हतं. हळद सांडल्यासारखा भडक पिवळा, आणि त्याच्या अंगावर धावून आलेला मेळ्यातल्या फुग्यांसारखा गुलाबी. सबीहा मॅडमनी फोनवर चांगल्या शब्दांत सांगितलं की कल्पना फार छान आहे, पण रंगाची नजर अजून तयार नाही. जागा दुसऱ्या मुलीला दिली.

प्रणालीनं तो तुकडा घडी करून कपाटात ठेवला. रडली असेल तर आमच्या कोणाच्या कानावर नाही आलं, आणि आमच्या गल्लीत कानावर न येणं सोपं नाही. महादेवराव ओट्यावर बसून म्हणाले, "काय करता, पोरीचा हातच भडक हाये. मेंदी काढू काढू सवय लागली." हे त्यांनी एकाला नाही, साऱ्या गल्लीला सांगितलं. पारखी माणूस, पोरीचीही पारख करून मोकळा झाला. दारामागं प्रणाली उभी होती.

त्या पावसाळ्यात कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे निघाले. रस्त्याच्या तोंडाशी गल्लीतल्याच भगवंतनं अर्ज भरायचा गाळा काढला आणि प्रणालीला लॅपटॉपसकट बसवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांग. लॅपटॉप धुळीत चालला, वीज गेली-आली तरी चालला, कोणाच्या हातचा चहा सांडला तरी चालला. आकड्यांच्या त्या उजवीकडच्या बटणांवर प्रणालीची बोटं अशी पळायची की पाहत राहावं. महादेवरावांनी पहिल्या आठवड्यात गल्लीत मान ताठ करून सांगितलं, "सांगतलं होतं ना, कष्टाचा हाये." दुसऱ्या आठवड्यात ते सांगणं आपोआप कमी झालं. कारण पोरगी घरी येऊन जेवायची आणि झोपायची. मेंदी नाही, कागद नाही, रंग नाही. अंगणातली रांगोळीसुद्धा लीलाबाईच चार ठिपक्यांची काढून मोकळ्या व्हायच्या.

पुढं दिवाळी झाली आणि बोंडअळीनं शेतं बसवली. आता नुकसानीचे अर्ज. रांग तीच, माणसं तीच. एक दिवस महादेवराव पोरीला म्हणाले, "ते तुयं फूल मले भरून दे एखाद्या कांडीत." प्रणालीनं का म्हणून विचारलं नाही. पेन ड्राइव्हमध्ये टाकून दिलं. कपाटातला तुकडा त्यांनी स्वतःच काढला, आणि गल्लीत कोणाला न सांगता अमरावतीची बस धरली. (न सांगता म्हणजे शेजारच्या गंगूबाईनं पाहिलं, तेवढंच.)

मोईजनं "या काका" म्हटलं, पण खुर्ची पुसून दिली नाही, पहिल्यासारखी. इनायतभाई कोपऱ्यात होते.

"तो पातळ लॅपटॉप हाये काय, तेव्हाचा?"

"तो तर गेला काका. हा त्याचाच भाऊ हाये."

"याच्यावर हे लाव."

मोईजनं कांडी लावली. पडद्यावर पऱ्हाटीचं फूल उघडलं. महादेवरावांनी खिशातला तुकडा काढून पडद्याला लावून धरला. तीच हळद. तोच फुग्याचा गुलाबी. धाग्याचाही फरक नाही. कापडावर आलं ते या पडद्यावर आधीच दिसत होतं. कोणी दाखवलं असतं तर पोरीनं पाहताक्षणी उतरवलं असतं.

"ते तुमच्या मशीनवर फिक्कं दिसत असन," मोईज हळू आवाजात म्हणाला. "म्हणून तिनं रंग चढवला असन, काका. तिची चूक नाई."

महादेवराव तुकड्याची घडी घालू लागले. कोपऱ्यातून इनायतभाईंचा आवाज आला. "महादेव, शर्यतीचा बैल तू कदी नांगराले जुंपला काय?"

"नाई."

"मंग पोरीले एकडाव तरी विचारलं काय, काम कोनतं हाये?"

बाजारात शिरण्याआधी महादेवराव प्रत्येक धन्याला हेच पहिलं विचारायचे. काम कोणतं, नांगर, वखर का गाडी. त्यांनी मोईजकडं पाहिलं. "बापू, मी तुले नाई ते बोललो." मोईज म्हणाला, "जाऊ द्या काका," आणि आत जाऊन चहा सांगून आला. पण इनायतभाई नेहमीसारखी शिवी देऊन बोलले नाहीत, आणि तेच महादेवरावांना जास्त लागलं.

बस अकोल्याला लागली तेव्हा ते घरी न जाता सरळ भगवंतच्या गाळ्यावर गेले. प्रणाली एका म्हाताऱ्या बाईचा अर्ज भरत होती. अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. निंदण-खुरपणानं रेषाच पुसल्या होत्या. महादेवराव बाकावर टेकले.

"तू बाही ओढली होती," ते म्हणाले. "मले समजलं होतं. पयल्याच वेळी."

प्रणालीनं बटणांवरचा हात थांबवला नाही. "मालूम हाये बाबा. म्हणून तर दुसऱ्यांदा ओढली."

"आपुन तो घेऊ," ते शेवटी म्हणाले. "पातळवाला. पाहू कसं जमते ते."

"आता काय करू त्याले?" पोरगी म्हणाली. रागानं नाही, रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "अर्ज याच्यावर मस्त भरते. तुमी चांगला पाह्यला."

मग तिनं म्हातारीकडं पाहून म्हटलं, "आजी, अंगठा पुसून घ्या, पुन्हा लावू." महादेवरावांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, त्याचं टोक बाकावरच्या तांब्यात बुडवलं आणि म्हातारीचा अंगठा हातात घेऊन पुसू लागले. तिसऱ्या खेपेला यंत्रानं तो घेतला. रांगेतला पुढचा माणूस सरकला, त्यानं आपला अंगठा आपणहूनच महादेवरावांपुढं धरला.

तेव्हापासून ते रोज तिथं बसतात. बाजाराच्या दिवशीसुद्धा. मागच्या पोळ्याआधी खालच्या आळीचा पुंजाजी त्यांना बैल पाहायला न्यायला आला होता, फार आर्जव केलं त्यानं. महादेवराव गेले, पण बैलापुढं उभं राहून पुंजाजीलाच म्हणाले, "तुयं मन काय म्हनते? बोल." पुंजाजी भर बाजारात बोलला. भाव चढला. आता त्यांना कोणी नेत नाही.